सायकल सहलीतून घाट वगळला गेल्याबाबत

म्हसावद, ता. शहादा
२९ डिसेंबर

ती. आबांना,

योगेंद्रचा कंबरेत वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण पुढे तिचाच प्रश्न येणार आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? नवी म्हैस दूध काढू देते की अजून लाथाच मारते? खांडबाऱ्याला थंडी कितपत, तेही कळवावं. इकडे निर्मला खुशाल, नवनीत खुशाल, सूनबाई रंजिता खुशाल. घरात खुशाल नसलेला माणूस एकच, आणि तो हे पत्र लिहितोय.

तुम्ही म्हणाल, फोन सोडून पत्र कशाला? आबा, तुमचा फोन वहिनी स्पीकरवर टाकतात आणि आमचा तुमची बहीण. म्हणजे आपण दोघं बोलतो तेव्हा खरं तर त्या दोघी बोलत असतात, आपण मधेमधे 'हं' म्हणतो. कुणाच्या हाती चिठ्ठी द्यावी तर ती नंदुरबार स्टेशनापर्यंतच तीन जणांची वाचून होते. तेव्हा पोस्ट बरं. शिवाय माझ्या सासरकडचे सर्वांत वडीलधारे तुम्ही, तुम्हाला सांगायची गोष्ट नीट क्रमाने सांगावी, असं मला वाटलं.

गोष्ट घाटाची आहे. एकतीस वर्षं मी धडगावच्या कचेरीत लिपिक होतो आणि एकतीस वर्षं दिवाल्याच्या जीपने म्हसावद-धडगाव येऊनजाऊन करत होतो. (आधी दिवाल्याचा बाप चालवायचा, मग दिवाल्या, जीप तीच.) या जीपमध्ये पुढची सीट कुणाला मिळते ते तुम्हाला ठाऊक नसेल. आधी साहेबाला, साहेब नसेल तर आजाऱ्याला, आजारी नसेल तर दिवस गेलेल्या बाईला, तीही नसेल तर ड्रायव्हरच्या सासऱ्याला. लिपिकाचा नंबर काही लागला नाही. मी आपला मागच्या फळीवर, पाय बाहेर, तोंड मागे, मांडीवर डबा. म्हणजे हा घाट मी हजारो वेळा पाहिला, पण उलटा. वळण होऊन गेलं की मला दिसायचं. श्रावणात एखादा धबधबा आला की पुढचे लोक 'अरे वा' म्हणायचे, आणि तो माझ्यापर्यंत येईतो त्यांचा 'अरे वा' संपून बाजारभाव सुरू झालेले असायचे. अठ्ठ्याण्णव साली मोटरसायकल घेतली होती. पहिल्याच आठवड्यात घाटात पडलो, तेव्हा निर्मलाने शपथ घातली की पुन्हा मोटरसायकलने घाट चढणार नाही. (शपथ तुमची घातली होती. तुम्हाला विचारलं नव्हतं, एवढंच.) ती मी पाळली. सायकलीबद्दल शपथेत काही नाही, हे मी नीट तपासून पाहिलंय.

एकतीस मेला निवृत्त झालो. शाल, नारळ आणि गणपतीची मूर्ती मिळाली, घरात आता चार गणपती आहेत. तेव्हापासून माझं बूड कुठे टेकत नाही, आबा. पहाटे पाचला डोळे उघडतात. अंघोळ करतो, कपडे घालतो, डबा मागतो. निर्मला विचारते कशाला, मग आठवतं. तरी पाय मला फाट्यावर नेतातच. तिथे दिवाल्याची जीप येते, तो हॉर्न देतो, मी हात हलवतो. सुरुवातीला तो थांबायचा आणि काळजीने म्हणायचा, "भाऊसाहेब, हापिस तर सुटलं ना तुमचं?" घरी येऊन मी अंगणाच्या चकरा मारतो, मग ओट्यावर, मग गच्चीवर. रंजिताच्या फोडणीच्या डब्याला मी आवक क्रमांक दिले, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होती. हसू नका. आमच्याच कचेरीतला एक जण माझ्याबरोबर निवृत्त झाला. त्याने ओट्यावर खुर्ची टाकली आणि आता त्याला उठायला कारणच सापडत नाही. महिन्याभरापूर्वी भेटायला गेलो, तर शेजारची खुर्ची दाखवून 'बस' म्हणाला. मी उभ्यानेच बोललो आणि निघालो. खरं सांगतो, मला भीती वाटली.

त्याच संध्याकाळी माझ्या सतराव्या चकरेला निर्मला वैतागून म्हणाली, "तुमना पायसले चाकं लावा नि जा कथा तरी एकदाना!" एकदाचे कुठे तरी जा, हे तिने रागाने म्हटलं, मी मंजुरी समजलो. नवनीतची कॉलेजातली गियरची सायकल गोठ्यात होती, तिच्यावर कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. कांदे उतरवले, सायकल धुतली आणि रीतसर टिपणी तयार केली. विषय : सायकलने घाट चढणे. कालावधी : संक्रांत झाली की, सोळा जानेवारीपासून पाच दिवस, चार रात्री. मुक्काम : स्वतःच्या तंबूत. पहिल्या दिवशी घाटाचा पायथा. दुसऱ्या दिवशी घाट, तोंड पुढे करून. चढण जड गेली तर उतरून ढकलत (यात कमीपणा मानू नये, असा शेरा मीच मारला). तिसऱ्या दिवशी धडगावच्या भोवतालच्या पाड्यांच्या पायवाटा. त्या पाड्यांची नावं मी एकतीस वर्षं कागदावर लिहिली, त्यातला एकही पाडा पाहिला नाही. चौथ्या दिवशी चांदसैलीच्या घाटाने खाली, पाचव्या दिवशी तळोद्यावरून घरी. टिपणी 'सादर' करून निर्मलापुढे ठेवली. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, 'हं' म्हणाली आणि गिलकी चिरायला घेतली. कचेरीत आम्ही याला 'प्रलंबित' म्हणायचो.

तंबू नवनीतने मोबाइलवरून मागवला. पिशवीवर 'दोन माणसांसाठी' असं आहे, पण ती माणसं आपल्याकडच्या बांध्याची नसावीत. पाहावं म्हणून अंगणात उभा केला. आता आपल्याकडे अंगणात कापड ताणलं की त्याचे अर्थ दोनच. तासाभरात गल्ली जमली. दोन बाया विचारत आल्या, लगीन कोणाचं, आणि एक गृहस्थ डोक्यावर टॉवेल टाकून हळूच येऊन बसले आणि कुणी काही बोलेना म्हणून तसेच चहा पिऊन गेले. शेजारचे उखाआप्पा 'आतून दखस' म्हणून शिरले आणि आतच झोपले. जेवायला उठवलं तेव्हा म्हणाले, "बेस शे, पन पाय बाहेर ऱ्हातस." तंबू उघडायला पाच मिनिटं लागली, मिटायला दोन दिवस. अजूनही तो त्याच्या पिशवीत पूर्ण जात नाही, त्याचं एक टोक माझ्यासारखंच बाहेर पाहत असतं.

इथवर सर्व ठीक होतं. चूक पुढे झाली आणि ती माझीच. धुडकूकाका (माझे चुलते, वय ब्याऐंशी, पण बातमी पोचवण्यात अजून तरुण) तंबू पाहायला आले. त्यांना मी बोलून गेलो की परतताना तळोद्यावरून येईन. आबा, गावावरून जायचं आणि घरावरून जायचं नाही, ही गोष्ट आपल्यात किती वाईट समजतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण तोंडातून गेलं. संध्याकाळी तळोद्याच्या मावसभावाचा फोन : तंबूत झोपशी? आम्ही काय मरी गयूत का? त्याच्याकडे एक रात्र लिहिली, तर शहाद्याच्या साडूंना कळलं की तळोद्याला रात्र आणि आपल्याला नुसता चहा. तिथेही एक रात्र. मग प्रकाशा गावची माझी आत्या. तिने फोनवर काहीच म्हटलं नाही, फक्त रडली. तिथे रात्र लिहिणं भागच होतं. आणि प्रत्येकाने शेतावर वांग्याचं भरीत जाहीर केलं. रोज रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. त्यावर सकाळी सायकल चालवायची म्हणजे सायकलीनेच माणसाला ढकलायला हवं.

बरं, सोयऱ्यांच्या घरी जायचंच आहे, तर रिकामं कसं जायचं? धुडकूकाकांची नात काजल, तिचं लग्न फेब्रुवारीत. काका म्हणाले, "तू जाईच ऱ्हायना ना, मंग चार पत्रिका बी देई दे." चारच्या चौसष्ट झाल्या. पत्रिका काही वर्तमानपत्र नाही की दारातून फेकली. आत जाऊन बसायचं, पाणी प्यायचं, पत्रिका मोठ्याने वाचायची, त्यात त्यांचं किंवा त्यांच्या जवळच्याचं नाव बोटाने दाखवायचं, 'सहकुटुंब या' तीनदा म्हणायचं, मग चहा. चौसष्ट वेळा. शिवाय आत्याची एक पिशवी, साडूंच्या मुलाचा बायोडाटा चार ठिकाणी दाखवायला, आणि तळोद्याला पोचवायचं, मांडे भाजायचं खापर. मातीचं, आबा, आणि सायकलवरून! पण खरं दुःख खापराचं नाही. त्या चौसष्टांतली एकही पत्रिका डोंगरात जात नाही. आपले सगळे सोयरे तापीच्या काठाने बसलेत. जसजशा पत्रिका वाढल्या तसतसा माझा रस्ता डोंगराकडे पाठ करून खाली सरकत गेला.

आणि मग तुमचा फोन आला. स्पीकरवरच होता, त्यामुळे सर्वांनी ऐकला. जावई सायकल घेऊन जिल्हाभर फिरतो नि सासरवाडीला येत नाही, खांडबाऱ्यात तोंड दाखवायला जागा राहील का, असं तुम्ही म्हणालात. बरोबरच म्हणालात. तुमच्याकडे दोन रात्री लिहिल्या, म्हणजे तापी ओलांडून, नंदुरबारवरून, थेट दुसऱ्या टोकाला. दहा दिवसांपूर्वी नवनीतने सर्वांचा मिळून तक्ता केला, छापून भिंतीवर लावला. आठ दिवस, सहा घरं, चौसष्ट पत्रिका. मागून पिकअप गाडी, कारण खापर आणि गाद्या. तंबू वगळला. सर्वांत खाली एक ओळ आहे : 'धडगाव घाट (वेळ उरल्यास).' ती वाचली आणि त्या दिवशी मी अंगणाच्या किती चकरा मारल्या ते मोजलं नाही.

निदान सराव तरी घाटाच्या दिशेने करावा, म्हणून गेल्या आठवड्यात एका सकाळी साडेसहाला निघालो. तंबू कॅरियरला बांधला, पाण्याच्या दोन बाटल्या, पिशवीत भाकरी. आता म्हसावदसारख्या गावात साठीला टेकलेला माणूस, घरात दोन मोटरसायकली असताना, सामान बांधून सायकलवर डोंगराकडे निघाला, तर लोकांना काय वाटेल? मला सुचलंच नाही. पहिल्याने विचारलं गाडी बंद पडली का. दुसऱ्याने आवाज खाली आणून विचारलं, "घरमा काही व्हयनं का?" तिसऱ्याने काहीच न विचारता नवनीतला फोन लावला. मी सगळ्यांना सांगत होतो की हौस म्हणून चाललोय, आणि जितकं सांगावं तितके ते जास्त हळवे होत होते.

मग मागून दिवाल्याची जीप आली आणि थांबली. पुढच्या सीटवर कुणी नव्हतं. दिवाल्या म्हणाला, "या ना भाऊसाहेब, पुढं बसा. आज साहेब नाय कोनी." एकतीस वर्षं जिच्या पाठीला पाठ लावून बसलो ती सीट समोर रिकामी होती, उन्हं तिच्यावर पडली होती. माझं मन हललं, नाही म्हणत नाही. पण हँडल धरून उभा राहिलो आणि म्हणालो, नको, मला स्वतःच्या पायांनी चढायचंय. तो हसला नाही. रात्री कुठे राहणार म्हणून विचारलं. मी तंबूवर हात ठेवला. "मग आमच्या शेतात लावा," तो म्हणाला. "वरती माळ हाय. कोनी उठवनार नाय. भूक लागली तर फुलीबाईला हाक मारा, नाय लागली तर नका मारू." फुलीबाई म्हणजे त्याची बायको. आबा, इतकं मोकळं आमंत्रण मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं, माझे डोळे भरून आले. जीप वर गेली. मागच्या फळीवर एक मास्तर बसले होते, डबा मांडीवर, तोंड माझ्याकडे. ते वळणाआड जाईपर्यंत मी पाहत राहिलो.

पाच मिनिटांत आपल्याच गल्लीतला ऊस घेऊन चाललेला ट्रॅक्टर आला. त्याला नवनीतचा निरोप होता. मला आणि सायकलीला त्याने ट्रॉलीवर उसावर चढवलं आणि ट्रॅक्टर वळवला. घर येईपर्यंत तो मान मागे करून माझी समजूत घालत होता की भांड्याला भांडं लागतंच, त्यासाठी घर सोडायचं नसतं. निर्मला दारात उभी होती. तिने चहा ठेवला.

असो. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही, हे मी शिकलोय. तेव्हा ठरल्याप्रमाणे वीस जानेवारीला संध्याकाळी खांडबाऱ्याला पोचतो. दोन रात्री मुक्काम. भरीत जरा कमी तिखट असावं, आणि खाट शक्यतो म्हशीपासून लांब. वहिनींना नमस्कार, मुलाबाळांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
योगेंद्र

ता. क. – वरचं पत्र वहिनींना मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. इथून पुढचं गोठ्यात जाऊन एकट्याने वाचा. आबा, हात जोडून एक मागतो : माझ्यावर रुसा. खरंच रुसा, चारचौघांत, फोन स्पीकरवर टाकून. म्हणा की योगेंद्रने खांडबाऱ्याची पायरी चढू नये. तुम्ही सर्वांत मोठे. थोरल्याकडेच जाणं बंद झालं तर धाकट्यांकडे कुठल्या तोंडाने जायचं? तळोदा आपोआप सुटेल, शहादा सुटेल, आत्या पुन्हा रडेल पण समजून घेईल. पत्रिका पिकअपमधून नवनीत वाटेल. आणि सोळा तारखेला मी मोकळा. नाही रुसलात, तर त्या दिवशी मी खापर घेऊन तापीकडे निघेन आणि घाट या जन्मी मला समोरून दिसायचा नाही. पुढच्या साली गुडघा काय म्हणेल, याची शाश्वती तुम्हाला तुमच्या गुडघ्यावरून आहेच.

ता. क. २ – रुसायला कारण लागेल, तेही शोधून ठेवलंय. तीन वर्षांपूर्वी आमच्या लेकीच्या, रुपाच्या लग्नपत्रिकेत मामा मंडळींत तुमचं नाव धाकट्या भावाच्या खाली छापलं गेलं. (छापखान्याची चूक सांगितली होती. चूक माझी होती, मी मुद्रितं तपासली होती.) तुम्ही तेव्हा मोठ्या मनाने गिळलंत. ते आता बाहेर काढा. रुसव्याला मुदत नसते.

ता. क. ३ – होळीपर्यंत रुसलात तरी पुरे. होळीला मी स्वतः येऊन, पाया पडून, समजूत काढीन. निर्मलाला मात्र यातलं काही कळू देऊ नका. ती रडेल, दोन दिवस रडू द्या. मला वाईट वाटेल, पण मी तेव्हा घाटात असेन.

ता. क. ४ – आबा, हाई मी लिखी ऱ्हायनू, निर्मला. पाकिटले डिंक लावानं काम यासनी मालेच सांगं. कचेरीमा शिपाई करे, घरमा मी. मंग बठ्ठं पत्र वाची लिधं. मी काई रडत नही. एकतीस वरीस धडगाव, धडगाव आयकी ऱ्हायनू. मन्हा हातना डबा रोज तठे गया, मी एक दाव बी गऊ नही. रुपानी शाळानी सायकल दुरुस्त करी लयेल शे, सोळा तारीखले मी बी निंघी ऱ्हायनू. यासले आजून सांगेल नही. तू रुस. चांगला रुस. पन एकला यासवर नको, आमना दोन्हीसवर रुस.